शेवटचे दोनशे मीटर

आज मी ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे तिला इंग्रजीत ‘डिंगी’ म्हणतात. शब्द साहेबाचा वाटतो, पण तो मुळात आपल्याकडचा आहे. हिंदी आणि बंगालीत ‘डिंगी’ म्हणजे लहान होडी. नद्यांवर आणि बंदरांत ती पाहून इंग्रजांनी वस्तूबरोबर शब्दही उचलला. ‘ग’चा कुणी ‘ज’ करू नये म्हणून त्याच्या स्पेलिंगमध्ये एक ‘एच’ घुसवला आणि शब्द जगभर फिरवून आणला. आता आपण तो परका समजून वापरतो, एवढंच.

मोठ्या बोटीची ही छोटी बोट. आमची मोठी बोट तशी काही फार मोठी नाही. मी आणि माझा एक मित्र, आम्हा दोघांच्या मालकीची अठ्ठावीस फुटी फायबरची शिडाची बोट आहे. आत चार माणसं कशीबशी झोपतात, एक स्टोव्ह आहे आणि उभं राहताना डोकं सांभाळावं लागतं. ऑक्टोबर ते मे या काळात सवड मिळेल तशी आम्ही ती मुंबईहून मुरूड, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण अशी नेतो. लोकांना याचं अप्रूप वाटतं आणि ते वादळाबद्दल, लाटांबद्दल, देवमाशांबद्दल विचारतात. बोटीवरून किनाऱ्यावर कसे येता, हे मात्र कुणी विचारत नाही. खरी मेख तिथेच आहे.

शिडाच्या बोटीच्या पोटाखाली वजनदार कणा असतो, त्याच्या जोरावर ती वाऱ्यात कलंडत नाही. आमच्या बोटीचा हा भाग पाण्यात जवळजवळ सव्वा मीटर खोल जातो. त्यामुळे होडीवाल्यासारखं वाळूत नाक खुपसून उतरणं आमच्या नशिबी नाही. कोकणातल्या जेटींवर मच्छीमार ट्रॉलर्सची दाटी असते आणि ते त्यांच्या पोटापाण्याचं ठिकाण आहे. तिथे हौशी माणसाने जागा अडवू नये. शिवाय भरती-ओहोटी असतेच. मुंबईत उधाणाला दोन्हींतला फरक साडेचार मीटरच्या पुढे जातो, दक्षिणेकडे गोव्यापर्यंत तो दोन मीटरच्या आसपास येतो. जेटीला बांधलेली बोट सहा तासांत एक मजला खाली जाते, असं समजा. म्हणून आम्ही खाडीत दीड-दोनशे मीटरवर नांगर टाकतो आणि उरलेलं अंतर छोट्या होडीने कापतो. पाणी, भाजी, बर्फ, रॉकेल, माणसं, सगळं तिच्यातूनच येतं-जातं.

आता पहिला प्रश्न. अठ्ठावीस फुटांच्या बोटीवर आठ फुटांची दुसरी बोट ठेवायची कुठे? जागेच्या टंचाईचा हा प्रश्न मुंबईकराला मी वेगळा समजावून सांगायला नको.

यावर सगळ्यांत मजेदार उत्तर काढलं ते जोशुआ स्लोकम या कप्तानाने. १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ नावाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. त्याच्या डेकवर पूर्ण होडी मावेना, आणि मावली असती तरी एकट्याला ती उचलवली नसती. त्याने एक टाकून दिलेली होडी घेतली, मधोमध कापली आणि उघड्या बाजूला फळ्या ठोकून बंद केली. ही अर्धी होडी त्याला किनाऱ्यावर न्यायची, कपडे धुवायला उपयोगी पडायची आणि आंघोळीचं टब म्हणूनही चालायची. तिची दुसरी बाजू मी पुढे सांगणार आहे.

आमच्यासारख्यांपुढे आज चार वाटा असतात. पहिली, होडी मागे बांधून ओढत न्यायची. खाडीतल्या खाडीत हे ठीक आहे. खुल्या समुद्रात मात्र ती मोठ्या बोटीचा वेग खाते, आणि मागून लाटा येऊ लागल्या की धावत येऊन मागच्या बाजूला धडका देते. हवेने फुगवलेली हलकी होडी तर जोराच्या वाऱ्यात पतंगासारखी उलटते. म्हणून ओढायची झालीच तर इंजिन, वल्ही, सगळं आधी बाहेर काढायचं, दोन दोर बांधायचे आणि होडी मागच्या लाटेच्या उतारावर राहील इतकी दोराची लांबी ठेवायची. दुसरी वाट म्हणजे बोटीच्या मागे लोखंडी हात बसवून त्यांवर होडी टांगायची. मोठ्या बोटींना हे शोभतं. लहान बोटीला मागे एवढं वजन सोसत नाही. तिसरी, पुढच्या डेकवर पालथी बांधायची. पण तिथेच नांगराचं काम असतं आणि खाली हवा जाण्याची झडपही तिथेच असते. चौथी वाट, हवा काढून, घडी करून, पिशवीत भरून कप्प्यात टाकायची.

आम्ही तिसऱ्या आणि चौथ्या वाटेची सांगड घातली आहे. लांबच्या प्रवासात होडी घडी करून बंद, आणि एका खाडीतून जवळच्या दुसऱ्या खाडीत जायचं असेल तर डेकवर पालथी, चारही बाजूंनी घट्ट बांधलेली. लाकडी होडी वल्हवायला फार छान, तिची सर या रबरी होडीला नाही. पण लाकडाची घडी होत नाही, त्याला काय करणार?

होडी पाण्यात उतरवण्याची आमची पद्धत ठरलेली आहे. डेकवर तिला पसरायची आणि पायपंपाने हवा भरायची. दहा-बारा मिनिटं लागतात. मोटारीच्या टायरमध्ये तीस पौंडांच्या वर हवा असते, इथे साडेतीन पौंडांच्या आसपास पुरते. दुपारच्या उन्हात आतली हवा फुगते, म्हणून डेकवर ठेवलेल्या होडीची थोडी हवा सोडावी लागते. तीच होडी गार पाण्यात उतरली की सैल पडते, मग पुन्हा पंप मारायचा. होडीला तीन ठिकाणी दोर बांधून वर एकत्र आणलेले असतात, अगदी घरातल्या शिंक्यासारखे. त्या शिंक्याला शीड वर ओढण्याची दोरी अडकवायची. एकाने विंच फिरवायचा, दुसऱ्याने होडी हाताने कठड्याबाहेर ढकलायची. पंचवीस किलोचं धूड मग अलगद पाण्यात उतरतं. हे काम वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूने करायचं. आणि सगळ्यांत आधी, म्हणजे होडी उचलण्याच्याही आधी, तिच्या नाकाचा दोर बोटीला बांधायचा. कोकणात गुराला दावं असतं तसं हे होडीचं दावं. एकदा होडी मोकळी सुटली की वारा तिला तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने नेतो. हा दोर पाण्यावर तरंगणारा असावा, नाहीतर तो बोटीच्या पंख्यात गुंतलाच म्हणून समजा.

त्यानंतर इंजिन. अडीच अश्वशक्तीचं, पंधरा किलोच्या आसपास वजनाचं. ते हातात धरून शिडीवरून होडीत उतरायचा मोह भल्याभल्यांना होतो. आम्ही ते दोरीनेच खाली सोडतो आणि होडीत बसलेला माणूस ते जागेवर बसवून आवळतो. इंजिनाला एक लाल गुंडाळीदार दोरी असते. तिचं दुसरं टोक चालवणाऱ्याने मनगटाला किंवा मांडीला अडकवायचं. तो पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. नाहीतर रिकामी होडी गोलगोल फिरत, पंख्यासकट, त्याच्याच अंगावर येते. पेट्रोलचा डबा बोटीच्या आत कधीच ठेवायचा नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी साचते आणि तिला एक ठिणगी पुरते.

होडीत उतरतानाची रीत लहान मुलालाही जमते, मोठ्यांनाच जड जाते. पाय होडीच्या मधोमध ठेवायचा, लगेच खाली बसायचं आणि कुणी सांगेपर्यंत उठायचं नाही. एक बसला की दुसरा. सामान आधी एकाने हातोहात द्यायचं. हातात पिशवी घेऊन कुणी उतरायचं नाही.

आणि किती माणसं बसवायची? होडीच्या मागच्या फळीवर एक पट्टी असते. त्यावर माणसांची संख्या आणि एकूण वजन लिहिलेलं असतं. आमच्या पट्टीवर तीन माणसं आहेत. इथे मात्र आपला स्वभाव आडवा येतो. एस.टी.त वाढलेली आपण माणसं. ‘जरा सरकून घ्या, एक जण मावेल’ हे आपलं ब्रीद. पण एस.टी.च्या खाली रस्ता असतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. नोव्हेंबर महिना होता. आम्ही जयगडच्या खाडीत नांगर टाकला होता. माझ्या पत्नीचे मामा त्याच भागातले. बोट पाहायला म्हणून मामा, मामी, मुलगी आणि दोन नातवंडं अशी पाच जणं जेटीवर हजर झाली, बरोबर घावन-चटणीचा डबा. मी म्हटलं, तीन फेऱ्या करू. एका वेळी दोघं आणि मी.

मामांना ते पटलं नाही. “जावईबापू, अहो या खाडीत आमचा जन्म गेला. या अशा होडीत आम्ही आठ-आठ माणसं बसून पलीकडे गेलोय. पाच माणसांच्या कसल्या तीन फेऱ्या?”

“मामा, ती होडी लाकडाची होती आणि वल्हवणारा तुमच्या गावचा होता. इथे मी आहे,” मी म्हटलं. मामी हसल्या. मामा काही हसले नाहीत. मग मी जाकिटं काढली. मामींनी लुगड्यावर जाकीट चढवून घेतलं, मुलांनी तर हौसेने घातलं. मामांनी घातलं, पण चारचौघांत शोभा केल्यासारख्या चेहऱ्याने.

जाताना सगळं सुरळीत झालं. चहा झाला, घावन झाले, मुलांनी सुकाणू फिरवून पाहिलं. परतीच्या दोन फेऱ्या झाल्या तेव्हा सूर्य बुडाला होता आणि ओहोटी चांगलीच लागली होती. पौर्णिमेचे दिवस, म्हणजे उधाणाची ओहोटी. शेवटच्या फेरीला मामा आणि दहा वर्षांचा नातू. अर्ध्या वाटेवर इंजिन घरघरलं आणि बंद पडलं.

मी वल्ही घेतली. पण फुगवलेली होडी पाण्याच्या ओढीविरुद्ध वल्हवणं म्हणजे गादी वल्हवणं. जेटीवरचा दिवा हळूहळू उजवीकडे सरकायला लागला. पाण्याची ओढ माणसाच्या चालण्याइतकी होती. चालीचा हिशोब केला तर दहा मिनिटांत सहाशे मीटर होतात, आणि त्या दिशेला खाडीचं तोंड होतं, तोंडाबाहेर अंधारातला समुद्र. मी वल्ही आत घेतली आणि होडीच्या पुढच्या भागात कायम बांधलेला छोटा नांगर पाण्यात सोडला. दीड किलोचा, घडीचा, बरोबर वीस मीटर दोर. दोर ताणला गेला, होडीने झोकांडी खाल्ली आणि ती थांबली. जेटीवरचा दिवाही जागच्या जागी थांबला.

मग इंजिन वर उचललं. पंख्याला प्लॅस्टिकची पिशवी पीळ घालून बसली होती. नातवाने बॅटरी धरली, हात जराही हलू दिला नाही. मामांनी मागे झुकण्याआधी विचारलं, “मी हललो तर चालेल?” मी म्हटलं, “बसूनच पुढे सरका, म्हणजे तोल राहील.” ते सरकले. मी चाकूने पिशवी कापून काढली. एकूण दहा मिनिटंही लागली नसतील. इंजिन दुसऱ्या झटक्याला चालू झालं.

जेटीवर पोहोचल्यावर मामींनी विचारलं, उशीर का झाला? मामा जाकिटाचे बंद सोडत म्हणाले, “काही नाही. सहा जणं असतो तर यांना नांगरापर्यंत हात पोचवायला जागा मिळाली नसती.” त्यापुढे ते काही बोलले नाहीत, आणि मीही नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेजाऱ्याच्या मुलाला होडी आणि नांगर दाखवायला जेटीवर आणलं, तेव्हा दोराची लांबी त्यांनीच सांगितली.

आता स्लोकमची राहिलेली गोष्ट. १८९५च्या डिसेंबरात उरुग्वेच्या किनाऱ्याजवळ त्याची ‘स्प्रे’ वाळूत रुतली. तिला खेचून काढायला नांगर दूर नेऊन टाकणं भाग होतं. त्याने नांगर आणि जड दोर आपल्या त्या अर्ध्या होडीत घातले. वजन फार, होडीत पाणी शिरत होतं. नांगर कसाबसा पाण्यात टाकला आणि होडी उलटली. आयुष्य समुद्रावर काढलेल्या या माणसाला पोहता येत नव्हतं! होडीचा काठ धरून तो तिला सरळ करू पाहत होता आणि ती पुन्हा पुन्हा उलटत होती. शेवटी ती सरळ झाली आणि तो किनाऱ्याला लागला. तीन महासागर पार करणारा हा कप्तान त्या दिवशी किनारा दिसत असताना, अर्ध्या होडीत, जवळजवळ गेला होता. वादळात माणूस सावध असतो. किनारा हाकेच्या अंतरावर दिसला की सावधपणा सैल पडतो.

म्हणून आमच्या छोट्या होडीत काही वस्तू कायम बांधलेल्या असतात. दोन वल्ही, नांगर आणि दोर, पाणी उपसायचा डबा, पंप, चाकू, शिट्टी आणि बॅटरी. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांप्रमाणे वल्हवणाऱ्या होडीत पांढऱ्या प्रकाशाची बॅटरी हाताशी असावीच लागते, समोरून कुणी येत असेल तर ती वेळेत दाखवायची. इंजिनावर चालणाऱ्या लहान आणि संथ होडीला चारही बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा चालतो. रात्री परतणाऱ्या ट्रॉलरच्या तांडेलाला पाण्यालगतची काळी रबरी होडी दिसत नाही. त्याला दोष देऊन काय उपयोग? मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असतो आणि त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे.

पुळणीवर उतरायचं असेल तर आणखी एक पथ्य. समुद्राकडून पाहताना फुटणाऱ्या लाटा असतात त्यापेक्षा लहान दिसतात, कारण आपल्याला त्यांची पाठ दिसते. आम्ही बाहेर थांबून लाटा मोजतो. मोठ्या लाटा गेल्यावर जरा शांतता मिळते, तेव्हाच आत शिरायचं. होडी आडवी होऊ द्यायची नाही. उतरल्यावर होडी आणि किनारा यांच्यामध्ये कधी उभं राहायचं नाही, कारण मागून येणारी लाट पाण्याने भरलेली होडी पायांवर घालते. लाटा मोठ्या असतील तर जेवण बोटीवर, किनारा उद्या. आणि किनाऱ्यावर गेल्यावर होडी नुसती वर ओढून निर्धास्त व्हायचं नाही. भरती लागत असेल तर ती तरंगून निघून जाते, म्हणून तिचा नांगर पुळणीवर वरपर्यंत नेऊन पुरायचा. ओहोटी असेल तर परतताना होडी आणि पाणी यांच्यामध्ये गुडघाभर चिखल पसरलेला असतो. खडकावर तर होडी टेकवायचीच नाही. तिथली कालवं रबराला ब्लेडसारखी कापतात.

कापलं तर दुरुस्ती सायकलच्या पंक्चरसारखीच. खरवडायचं, सोल्युशन लावायचं, वाळू द्यायचं, पुन्हा लावायचं, ठिगळ दाबून बसवायचं. फक्त हवा कोरडी हवी, दमट दिवशी लावलेलं ठिगळ आठवड्यात सुटतं. या होड्या दोन तऱ्हेच्या कापडाच्या मिळतात. पीव्हीसी स्वस्त, पण आपल्या उन्हात त्याचे सांधे लवकर सुटतात. हायपालॉन महाग, पण ऊन जास्त सोसतं. पावसाळ्याआधी होडी गोड्या पाण्याने धुवायची, सावलीत पूर्ण वाळवायची, टाल्कम पावडर चोळायची आणि सैल घडी घालून उंदरांपासून दूर ठेवायची. इंजिनही गोड्या पाण्यात चालवून आतलं मीठ धुऊन काढायचं.

श्रोतेहो, तुमच्यापैकी फार थोडे जण शिडाची बोट घेतील, हे मला माहीत आहे. पण मुरूडला जंजिरा पाहायला, मालवणहून सिंधुदुर्गाला, किंवा एखाद्या खाडीत पलीकडच्या देवळाला तुम्ही कधी ना कधी होडीतून जाणारच. तेव्हा जाकीट मागा. नुसतं मांडीवर ठेवू नका, बंद आवळून घाला. मधोमध पाय ठेवा आणि बसा. फोटोसाठी उभे राहू नका. होडी भरली असेल आणि होडीवाला ‘पुढच्या फेरीला या’ म्हणाला तर त्याच्यावर चिडू नका. तो पुढच्या फेरीचे पैसे पाहत नसतो, पाणी पाहत असतो. आणि तो असं म्हणत नसेल, भरलेल्या होडीत आणखी माणसं घेत असेल, तर तुम्हीच म्हणा, आम्ही पुढच्या फेरीला येतो. वीस मिनिटं काठावर बसावं लागेल. तेवढ्यात एक चहा होतो.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)